झोहरच्या आधी तोमेर देवोरा: कब्बालाचा अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी

कब्बाला, म्हणजे ज्यूंची गूढविद्या, शिकायची असं मनात आलं की बहुतेक जण थेट झोहर हा तिचा मुख्य ग्रंथ शोधतात. दहा-बारा पानं वाचून होतात. त्यात रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, वाटेने चालता चालता बोलत असतात, मध्येच गुलाब येतो, नद्या येतात, राजवाडे येतात, आणि कशाचा कशाशी संबंध आहे हे लागत नाही. मग एक तर पुस्तक मिटतं, नाहीतर वाचणारा इंटरनेटवरच्या ऊर्जा, लाल दोरा आणि भाग्यवृद्धीच्या व्याख्यानांकडे वळतो. दोन्ही टाळता येतं. त्यासाठी क्रम ठीक लावावा लागतो.

हा लेख ज्यांना हिब्रू येत नाही, जे ज्यू घरात वाढलेले नाहीत, पण ज्यांना या ग्रंथांतून स्वतःच्या आतल्या जगण्यासाठी काही मिळवायचं आहे अशा वाचकांसाठी आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: पहिलं पुस्तक झोहर नको. पहिलं पुस्तक 'तोमेर देवोरा' असावं. ते लहान आहे, समजतं, आणि वाचणाऱ्याला पहिल्याच पानावर विचारतं की कालच्या दिवसात तू माणसांशी कसा वागलास. गूढ ज्ञान एकीकडे आणि रोजचं वागणं दुसरीकडे अशी वाटणी या परंपरेने केलेली नाही, आणि ही गोष्ट जितक्या लवकर अंगी मुरेल तितका पुढचा अभ्यास खरा होईल.

आधी थोडा नकाशा

तपशिलात जायची गरज नाही, पण कोणता ग्रंथ कुठे बसतो एवढं डोक्यात हवं. सगळ्याच्या मुळाशी तनाख, म्हणजे हिब्रू शास्त्र. त्यातली पहिली पाच पुस्तकं म्हणजे तोरा. त्यानंतर 'सेफेर येत्सिरा' हे अगदी छोटं, सूत्रांसारखं पुस्तक, ज्यात १० सेफिरोत (पुढे कब्बालात देवाच्या प्रकट होण्याचे दहा मार्ग) आणि हिब्रूची २२ अक्षरं मिळून सृष्टीचे ३२ मार्ग सांगितले आहेत. बाराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण फ्रान्समध्ये 'बाहीर' पुढे आलं. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पेनमध्ये अरामी भाषेतला झोहर प्रकटला. परंपरा तो दुसऱ्या शतकातल्या रब्बी शिमोन बार योहाय यांचा मानते; गेर्शोम शोलेम यांच्यापासूनचे आधुनिक अभ्यासक तो मोशे दे लेओन आणि त्यांच्या भोवतालच्या मंडळींशी जोडतात. सोळाव्या शतकात गालीलमधल्या त्स्फात या डोंगरावरच्या गावात मोशे कोर्दोवेरो आणि त्यांच्यामागून यित्सहाक लुरिया यांनी या सगळ्याची मांडणी केली. अठराव्या शतकात पूर्व युरोपात हसिदी चळवळ उभी राहिली आणि तिने हेच विचार साध्या माणसाच्या प्रार्थनेपर्यंत आणले.

झोहर आकाराला येत होता त्याच सुमारास, १२९०मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली जात होती. दोन्ही ग्रंथ एका जुन्या ग्रंथाला धरून चालतात. गीता बाजूला ठेवून ज्ञानेश्वरी वाचली तर जे हाती लागेल, तेच तोरा बाजूला ठेवून झोहर वाचला तर लागेल. हे साम्य मी इथवरच नेतो. एन सोफ (अनंत देव) म्हणजे ब्रह्म, शेखिना (देवाचं जगातलं वास्तव्य) म्हणजे शक्ती, सेफिरोत म्हणजे चक्रं, अशी जुळणी आपल्याकडच्या वाचकाला फार पटकन सुचते. ती वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा आणि पहिलं वर्षभर तिथेच राहू द्या. घाईने लावलेलं साम्य समोरचं वाक्य नीट ऐकू देत नाही. इथला देव माणसाशी करार करतो, रागावतो, वाट पाहतो, आणि त्याला माणसाच्या कृतीची गरज आहे असं हे ग्रंथ बेधडक म्हणतात. हे वेगळेपण आधी ऐकायला हवं.

मूळ शास्त्र मराठीतून वाचा

तनाखमधली पुस्तकं मराठी बायबलच्या 'जुना करार' या भागात आहेत. हे भाषांतर ख्रिस्ती संस्थांचं आहे, पुस्तकांचा क्रम ज्यू परंपरेपेक्षा वेगळा आहे आणि वचनांचे क्रमांक काही ठिकाणी एक-दोनने पुढेमागे होतात. पण मजकूर ओळखीचा व्हायला ते उत्तम आहे. पहिल्या दीड-दोन महिन्यांत एवढं वाचा: उत्पत्तीचे पहिले ३ अध्याय आणि २८वा (याकोबाच्या शिडीचा), निर्गम ३३ आणि ३४, यशया ६, यहेज्केल १, मीखाच्या ७व्या अध्यायातली शेवटची तीन वचनं आणि पूर्ण गीतरत्न. यहेज्केलाचा पहिला अध्याय, चार तोंडांचे प्राणी आणि डोळ्यांनी भरलेली चाकं, हा ज्यू गूढविद्येचा सर्वांत जुना झरा. गीतरत्नातलं प्रेमकाव्य झोहरमध्ये पानोपानी भेटतं.

वाचताना अर्थाचे चार थर लक्षात ठेवा: पेशात म्हणजे सरळ अर्थ, रेमेझ म्हणजे सूचना, देराश म्हणजे त्यातून काढलेली शिकवण, सोद म्हणजे रहस्य. चौथ्या थराची ओढ आपल्याला इथवर घेऊन येते, हे मला मान्य आहे. तरी दोन महिने पहिल्यावरच राहा. कोण बोललं, कोणाला, कुठे, त्याआधी काय घडलं, एवढंच वहीत उतरवा. हे कंटाळवाणं काम ज्याने केलं आहे त्याला पुढे झोहर उघडल्यावर घरात शिरल्यासारखं वाटतं.

हिब्रू किती हवी? पूर्ण भाषा आली तर उत्तमच, पण नवख्यासाठी अक्षरं आणि तीस-चाळीस शब्द पुरे. अक्षरं २२ आहेत, त्यांपैकी ५ शब्दाच्या शेवटी रूप बदलतात, लेखन उजवीकडून डावीकडे, आणि स्वर बहुतेक अक्षराखाली-वर ठिपक्यांनी दाखवतात. देवनागरी लिहिणाऱ्याला ही कल्पना अवघड जात नाही. मराठीतून हिब्रू शिकण्याची वाट जुनीच आहे: जॉन विल्सन यांनी मराठीतून लिहिलेलं हिब्रू व्याकरण १८३२मध्ये मुंबईत छापलं गेलं, आणि पेसाह या इजिप्तमधून सुटकेच्या सणाच्या रात्री वाचायची हग्गादा मराठी अनुवादासह १८७४मध्ये पुण्यात निघाली.

अक्षरं आली की संख्यांचा खेळ दिसू लागतो. प्रत्येक अक्षराला मूल्य आहे. 'एहाद', म्हणजे एक: आलेफ १, हेत ८, दालेत ४, मिळून १३. 'अहावा', म्हणजे प्रेम: आलेफ १, हे ५, बेत २, हे ५, मिळून १३. दोन्हींची बेरीज २६, आणि देवाच्या चार अक्षरी नावाचं मूल्यही २६. हे सुंदर आहे. पण मोबाईल नंबर आणि घर नंबर यांवर असली गणितं करत बसणं म्हणजे अभ्यासाचा वेळ वाया घालवणं. परंपरेत गेमात्रिया, म्हणजे हे अक्षरांचं गणित, एखादा विचार पक्का करायला वापरतात, भविष्य काढायला नाही.

ते चार अक्षरी नाव उच्चारू नका. प्रार्थनेत त्या जागी 'अदोनाय' म्हणतात, अभ्यासात नुसतं 'हाशेम'. हिब्रूत ते नाव छापलेला कागद रद्दीत टाकत नाहीत. सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळात, असे कागद जपून ठेवायची आणि पुढे पुरायची व्यवस्था असते, तिला गनिझा म्हणतात. म्हणून प्रिंट काढतानाच विचार करून काढा.

सोबती शोधा

ज्यू अभ्यासाची रीत हावरुता, म्हणजे दोघांनी एक पान समोर ठेवून मोठ्याने वाचणं आणि वाद घालणं. एकट्याने वाचताना माणूस न कळलेल्या वाक्यावरून सहज सरकतो. समोर कोणी बसलं की ते जमत नाही. आठवड्यातून एकदा तासभर, व्हिडिओ कॉलवर चालेल. एकाने एक वाक्य वाचायचं, दुसऱ्याने ते आपल्या शब्दांत सांगायचं, मग पहिल्याने त्यावर शंका काढायची. सोबती तुमच्यापेक्षा जाणकार असायलाच हवा असं नाही. तुमच्याशी हो ला हो करणारा मात्र नको.

ग्रंथ कुठे मिळतील? २०१३मध्ये सुरू झालेल्या 'सेफारिया' या संकेतस्थळावर आणि अ‍ॅपवर मूळ हिब्रू-अरामी मजकूर आणि अनेक ग्रंथांचे इंग्रजी अनुवाद फुकट वाचता येतात. तोमेर देवोरा, तन्या, सेफेर येत्सिरा, झोहर, सगळं तिथे आहे. त्यामुळे 'गुप्त ग्रंथ' म्हणून कोणी हजारो रुपये मागत असेल तर देऊ नका.

तोमेर देवोरा: पहिलं पुस्तक

मोशे कोर्दोवेरो (१५२२–१५७०) हे त्स्फातचे. 'पार्देस रिमोनिम'सारखा भला मोठा पद्धतशीर ग्रंथ लिहिणाऱ्या या माणसाने हे छोटं पुस्तकही लिहिलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १५८८मध्ये, व्हेनिसमध्ये छापलं गेलं. दहा अध्याय. मागणी एकच: माणूस देवाच्या प्रतिमेत घडला आहे ना, मग त्याने कृतीतही देवासारखं व्हावं. डोळे-कान सारखे असून काय उपयोग, वागणं सारखं नसेल तर?

पहिला अध्याय मीखाच्या त्या तीन वचनांवर आहे. 'तुझ्यासारखा देव कोण' इथून सुरू होणाऱ्या त्या ओळींतून कोर्दोवेरो दयेचे १३ गुण काढतात. पहिला गुण असा. माणूस पाप करतो, त्या क्षणीदेखील त्याचा हात हलतो तो देवाने दिलेल्या शक्तीने. देव म्हणू शकला असता की माझ्याविरुद्ध वागायचं तर स्वतःच्या बळावर वाग. शक्ती काढून घेणं त्याला अशक्य नव्हतं; यराबाम राजाचा उगारलेला हात जागच्या जागी वाळला, हे शास्त्रातच आहे. तरी तो पुरवठा थांबवत नाही, अपमान सोसतो. म्हणून देवदूत त्याला 'अपमानित राजा' म्हणतात असं कोर्दोवेरो लिहितात. आणि लगेच पुढचं वाक्य माणसाकडे वळतं: तुझा अपमान झाला तरी तुझं देणं थांबू देऊ नकोस.

हा उतारा वाचायला पाच मिनिटं लागतात. त्यावर एक आठवडा द्या. कसा द्यायचा ते सांगतो. घरातला किंवा ऑफिसातला असा एक माणूस निवडा, ज्याच्या बोलण्याने तुम्ही दुखावता. आठवडाभर फक्त एवढं पाहायचं: तो लागेल असं बोलला त्या दिवशी मी त्याचं काय अडवलं? मोठं काही अडवत नाही आपण. फोन उचलायला उशीर करतो, हवी ती फाईल 'बघतो' म्हणून ठेवून देतो, जेवायला वाढतो पण ताटाकडे बघून, एरवी सांगितली असती ती उपयोगाची गोष्ट सांगत नाही. रात्री वहीत दोन ओळी: काय अडवलं, आणि ते अडवताना आत काय चाललं होतं. सल्ला नको, स्वतःला शिव्या नकोत. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून अडवण्याचा क्षण घडत असतानाच दिसायला लागतो. तिथे एकदा तरी, मुद्दाम, नेहमीचं देणं चालू ठेवा.

आणि एक गोष्ट ठामपणे. मारहाण, छळ, धमक्या यांच्या खाली राहणाऱ्या माणसाला हा उतारा 'सोसत राहा' असं सांगत नाही. याच परंपरेत हेसेदच्या, म्हणजे मायेच्या, बरोबरीने गेवुरा आहे, म्हणजे मर्यादा घालणारं बळ, आणि एकाशिवाय दुसरं चालत नाही. ज्याला आधी सुरक्षित व्हायचं आहे त्याने आधी तेच करावं.

पुढचे गुण एकेका आठवड्याने घ्या. मला सातवा फार मोलाचा वाटतो. भांडण मिटलं की आपण म्हणतो, चला, झालं गेलं, पूर्वीसारखं होऊ. कोर्दोवेरो म्हणतात, पूर्वीसारखं पुरेसं नाही; परत आलेल्यावर देव आधीपेक्षा जास्त माया करतो, तुम्हीही तसंच करा. ज्याने कधी कोणाला माफ करून बघितलं आहे त्याला यातली अडचण कळेल. माफी देऊनही मनात एक खातं उघडं राहतं, आणि ते खातंच बंद करायला हे पान सांगतं.

दुसरा अध्याय चेहऱ्याचा: कपाळाला आठी नको, कान वाईट ऐकायला उत्सुक नकोत, तोंडातून चांगलंच निघावं, चेहरा येणाऱ्यासाठी उजळलेला असावा. हे सगळं त्यांनी केतेर या सर्वांत वरच्या सेफिरेशी जोडलं आहे. सर्वांत उंच जागा, आणि तिचा अभ्यास कुठे, तर दारात आलेल्या माणसाला आपलं तोंड कसं दिसतं यात. तिसऱ्या अध्यायात दया माणसांपुरती राहत नाही: गरजेशिवाय झाड उपटू नका, जीव मारू नका. उरलेले अध्याय पुढच्या सेफिरांचे, आणि शेवटचा दिवसातल्या वेळांचा. पूर्ण पुस्तकाला सहा महिने लागले तर घाई झाली असंच मी म्हणेन.

दहा सेफिरोत आणि ४९ दिवस

तोमेर देवोरा वाचता वाचता नावं ओळखीची होतात: केतेर, होख्मा, बिना, हेसेद, गेवुरा, तिफेरेत, नेत्साह, होद, येसोद, माल्खुत. एन सोफ, ज्याच्याबद्दल काहीच म्हणता येत नाही असा अनंत, या दहा मार्गांनी प्रकट होतो. झाडासारखी काढलेली आकृती सगळीकडे मिळते; ती स्वतःच्या हाताने वहीत काढा, एवढं पुरे. सेफिरोत म्हणजे दहा देव नव्हेत, हे कब्बालाच्या आचार्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं आहे.

ही नावं जगण्यात उतरवण्याचा एक सराव परंपरेनेच तयार ठेवला आहे. पेसाहच्या दुसऱ्या रात्रीपासून शावुओत, म्हणजे तोरा मिळाल्याच्या सणापर्यंत, ४९ दिवस मोजतात, याला ओमेर मोजणं म्हणतात. सात आठवडे, हेसेदपासून माल्खुतपर्यंतच्या सात सेफिरांचे. आणि प्रत्येक आठवड्यातले सात दिवस पुन्हा त्याच सातांचे. पहिला दिवस हेसेदातल्या हेसेदचा, दुसरा हेसेदातल्या गेवुराचा, असं. दुसऱ्या दिवसाचा प्रश्न असा होऊ शकतो: माझ्या प्रेमाला शिस्त आहे का, की मी मुलाला हवं ते देऊन मोकळा होतो? नवव्या दिवशी, म्हणजे गेवुरातल्या गेवुराच्या दिवशी: मी नाही म्हणतो ते तत्त्वाने की चिडून? आशीर्वाद उच्चारून ओमेर मोजणं ही ज्यूंची आज्ञा आहे, ती त्यांच्याकडे राहू द्या. पण त्या दिवसांच्या क्रमाने स्वतःला प्रश्न विचारायला कोणाचीच हरकत नसावी.

मग तन्या, आणि आपल्या भाषेतली प्रार्थना

दुसरं पुस्तक तन्या. लियादीचे रब्बी श्नेउर झाल्मान (१७४५–१८१२) यांनी ते लिहिलं, पहिल्यांदा छापलं गेलं १७९६च्या अखेरीस. पहिल्या भागात ५३ अध्याय आहेत, आणि वर्षभरात पूर्ण होईल अशी रोजच्या वाचनाची वाटणी ठरलेली आहे. माणसात दोन आत्मे, एक पशूसारखा आणि एक दैवी, आणि एका छोट्या शहरासाठी भांडणाऱ्या दोन राजांसारखे ते शरीरासाठी भांडतात. ज्याच्या आतलं भांडण संपतच नाही, पण जो आपल्या विचार-उच्चार-कृतीवर ताबा ठेवतो, त्या 'मधल्या' माणसासाठी हे पुस्तक आहे. मनात वाईट आलं म्हणून स्वतःला वाईट समजणाऱ्याला १२वा अध्याय मोठा आधार देतो. २६वा उदासीनतेवर आहे: कुस्तीत जो आळसावलेला आहे तो बलवान असूनही हरतो, म्हणून मनावरचं मळभ आधी दूर करा. ज्यूंचा आत्मा आणि इतरांचा आत्मा यांबद्दल सुरुवातीच्या अध्यायांत काही कठोर विधानं आहेत. त्यांवरून डोळे झाकून पुढे जाऊ नका. सोबत्याशी बोला, आणि ज्यू समाजातच यावर वेगवेगळी मतं आहेत हे लक्षात ठेवा.

तन्या डोक्याने चालतं. त्याच्या जोडीला ब्रेस्लोवचे रब्बी नाखमान (१७७२–१८१०) यांचा हितबोदेदुत हा सराव घ्या. एकांतात जाऊन देवाशी मोठ्याने बोलायचं, आणि ते आपल्या मातृभाषेत. नाखमान यिद्दिश बोलणाऱ्यांना सांगत होते की हिब्रूत अवघडून बोलू नका, ज्या भाषेत तुमचं मन मोकळं होतं त्या भाषेत बोला. आपल्यासाठी ती मराठी. काय बोलायचं? आज काय झालं, काय जमलं नाही, कशाची भीती वाटते. शब्द फुटत नसतील तर तेच सांगायचं, किंवा 'जगाच्या स्वामी' एवढंच पुन्हा पुन्हा म्हणायचं. ते तासभर बोला म्हणतात. तुम्ही दहा मिनिटांनी सुरुवात करा. गच्चीवर, समुद्रकाठी, गाडी पार्क करून गाडीतच. पहिले काही दिवस फार अवघड वाटतं, कारण ऐकणारं कोणी दिसत नाही. टिकून राहा.

कुठे थांबायचं

तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या प्राचीन संग्रहातली एक गोष्ट सगळे सांगतात, कारण ती विसरण्यासारखी नाही. चौघे पार्देसमध्ये, त्या बागेत, शिरले. बेन अझ्झायने पाहिलं आणि तो मेला. बेन झोमाने पाहिलं आणि त्याचं भान हरपलं. एलिशा बेन अबूयाने रोपं छाटली, म्हणजे श्रद्धा सोडली. रब्बी अकिवा तेवढे सुखरूप बाहेर आले. चाळिशीच्या आधी कब्बाला नको हा इशारा तुम्ही ऐकला असेल. त्याचं एक ठोस रूप १७५६चं आहे. शब्बताय त्स्वी या तोतया मसीहाने १६६६मध्ये इस्लाम स्वीकारला, लाखो लोकांची आशा कोसळली, आणि त्याच्या वळणावर पुढे गेलेल्या पंथांमुळे ब्रोदी शहरात रब्बींनी ठरवलं की ३० वर्षांच्या आत झोहर आणि ४० च्या आत लुरियांचं लिखाण कोणी वाचायचं नाही. वयाचा आकडा आज सगळीकडे पाळला जात नाही. त्यामागची काळजी मात्र खरी आहे: ज्याचे पाय घरात, कामात, नात्यांत रोवलेले नाहीत त्याला हे ग्रंथ उचलून भलतीकडे नेऊ शकतात.

म्हणून अक्षरं उलटसुलट जोडून, श्वास आणि नावं यांच्या साहाय्याने करायची ध्यानं, जशी तेराव्या शतकातल्या अब्राहाम अबुलाफिया यांनी शिकवली, ती पुस्तकावरून एकट्याने करू नका. ताईत, देवदूतांची नावं, आत्म्यांना आज्ञा देणं हे तर सोडूनच द्या. स्वतः लुरियांनी शिष्यांना त्यापासून दूर ठेवलं होतं. झोप उडाली, प्रत्येक गाडीच्या नंबरात संदेश दिसू लागले, आपली कोणी खास निवड केली आहे असं वाटू लागलं, तर पुस्तक बंद करा, घरच्यांना सांगा आणि डॉक्टरांना भेटा.

जवळ ज्यू समाज असेल तर त्याची ओळख करून घ्या, पण पाहुणा म्हणून. मुंबईत भायखळ्याचं मागेन डेव्हिड (१८६४), फोर्टमधलं केनेसेथ एलियाहू (१८८४), पुण्यातलं ओहेल डेव्हिड, म्हणजेच आपलं लाल देऊळ (१८६७), ही चालती प्रार्थनास्थळं आहेत, बघायची ठिकाणं नंतर. आधी परवानगी घ्या, ओळखपत्र न्या, डोकं झाका, शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनच्या विश्रांतीच्या दिवशी, फोन आणि कॅमेरा बाहेर. शुक्रवारी संध्याकाळी 'लेखा दोदी' ऐकायला मिळालं तर बघा: ते गीत शलोमो अल्काबेत्स यांनी त्स्फातमध्ये रचलं, ते कोर्दोवेरोंचे मेहुणे आणि गुरू. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, यांच्या घरांमध्ये मलिदा या आभाराच्या विधीच्या वेळी एलियाहू हन्नावी, म्हणजे एलिया संदेष्टा, याचं नाव घेतात. अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत अशी त्यांची श्रद्धा आहे, आणि लुरियांना विद्या मिळाली ती याच एलियाहूकडून असं कब्बालाची परंपरा म्हणते. एखादे रब्बी ज्यू नसलेल्याला कब्बाला शिकवायला नकार देतील. तो नकार मान देऊन स्वीकारा, वाद घालू नका. हा प्रश्न जुना आहे आणि ज्यूंमध्येही होता: १८८०च्या दशकात पुण्याचे बगदादी ज्यू अब्राहम डेव्हिड इझिकिएल यांनी झोहरमधला 'इद्रा झुता' हिब्रू लिपीतल्या अरबी भाषेत आणून छापला, तेव्हा असलं गूढ सगळ्यांच्या हाती का देता म्हणून बगदादच्या रब्बींनी विरोध केला होता.

आता झोहर उघडा

वर्ष-दीड वर्षानंतर. इंग्रजीत दोन चांगल्या वाटा आहेत. इझाया टिश्बी यांनी विषयवार निवडलेले उतारे प्रस्तावनांसह दिले आहेत. नवख्याला ते जास्त सोयीचं. संपूर्ण अनुवाद हवा तर डॅनियल मॅट यांनी सुरू केलेली प्रित्झकर आवृत्ती, १२ खंड, २००४ ते २०१७. सलग वाचू नका. एक उतारा घ्या आणि त्यावर पंधरा दिवस राहा.

पहिलाच घ्या. रब्बी हिझकिया गीतरत्नातल्या ओळीने सुरुवात करतात: काट्यांमधल्या गुलाबासारखी. गुलाब कोण? इस्राएलचा समुदाय, आणि झोहरच्या भाषेत तोच शेखिना, देवाचं जगातलं वास्तव्य. गुलाबात लाल आणि पांढरं असतं, तसे तिच्यात न्याय आणि दया. गुलाबाला १३ पाकळ्या, तसे तिला सगळीकडून वेढणारे दयेचे १३ गुण. इथे थांबा, हे १३ तुम्हाला आधीच भेटलेले आहेत, सहा महिने त्यांच्याशी झटापट केली आहे. आता हिब्रू उत्पत्तीचं पहिलं पान काढा. पहिल्या वचनात 'एलोहिम' शब्द येतो, दुसऱ्यात पुन्हा येतो. मधले शब्द बोटाने मोजा: एत, हाशामायिम, वेएत, हाआरेत्स, वेहाआरेत्स, हायता, तोहू, वावोहू, वेहोशेख, आल, पेने, तेहोम, वेरूआह. तेरा. तिसऱ्या 'एलोहिम'पर्यंत आणखी पाच, ती गुलाबाखालची पाच पानं. आणि आशीर्वादाचा पेला हातात धरताना पाच बोटांवर धरावा, तो या पाचांमुळे, असं झोहर सांगतो.

हे मोजून झाल्यावर मला आजही त्या पानाकडे निराळ्या नजरेने बघावंसं वाटतं. अंधार, खोल पाणी, ओसाडी यांचे शब्द, आणि झोहरच्या मते दया नेमकी त्यांच्यामधून चाललेली. कोकणातल्या बेने इस्राएल घरात शब्बाथच्या पेल्यात काळ्या मनुकांचं सरबत असतं. तो पेला उचलणारा हात आणि सृष्टीचं पहिलं वाक्य या ग्रंथाने एकत्र बांधलेत.

प्रत्येक उताऱ्यावर अशीच कामं करा: उद्धृत केलेलं वचन मूळ जागी जाऊन वाचा, प्रतिमा कोणत्या सेफिरेकडे बोट दाखवते ते अनुवादकाच्या टीपेतून पाहा, सोबत्याला उतारा तोंडी सांगा, आणि त्यातून येत्या आठवड्यात करायची एकच कृती ठरवा. या उताऱ्यासाठी ती कृती अशी असू शकते की शुक्रवारच्या जेवणाला घरात सगळे एकत्र बसतील, फोन दुसऱ्या खोलीत राहतील, आणि जेवणाआधी कोणीतरी आभाराचे दोन शब्द बोलेल.

लुरियांचं त्सिमत्सुम (देवाचं स्वतःला आक्रसून घेणं), दैवी प्रकाशाची भांडी फुटणं, विखुरलेल्या ठिणग्या गोळा करणं याबद्दल यानंतर वाचायला हरकत नाही. लुरिया १५७०मध्ये त्स्फातला आले आणि १५७२मध्ये, अवघ्या ३८व्या वर्षी, साथीत गेले. त्यांनी स्वतः फार थोडं लिहिलं. आपल्याकडे जे आहे ते मुख्यतः हायिम व्हिताल यांच्या हातचं. 'एत्स हायिम' हा त्यातला मोठा ग्रंथ शिक्षकाशिवाय उघडू नका, त्यातली भाषा नकाशाशिवायच्या जंगलासारखी गुंतत जाते. तोवर झोहरचे उतारे आहेत, आणि तोमेर देवोराचा पहिला अध्याय दरवर्षी पुन्हा पहिल्या गुणापासून वाचायला घ्या. दुखावणारा माणूस बदललेला असतो, आणि आपण अडवत असलेली गोष्टही.